काढून टाकलेले तीस शब्द

३ फेब्रुवारी, सोमवार

छापखान्याच्या मालकाने आज एक बाड पाठवले. निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली, तरी शब्दांवर शंका आली की त्याला माझीच आठवण होते. बाड रुग्णालयाचे आहे : मोठ्या आतड्याचा कर्करोग आणि आतड्यातील जिवाणू, सामान्य रुग्णांसाठी माहिती, बत्तीस पाने. लेखिका स्वतः आतड्याच्या विकारांच्या डॉक्टर आहेत.

विषय जेवणाआधी वाचण्याजोगा नाही. तरीही वाचत गेलो, कारण मजकूर मनोरंजक आहे. आपल्या पोटात अब्जावधी जिवाणू नांदतात. त्यांतले काही अन्नातील चोथ्यावर जगून आतड्याच्या अस्तराचे पोषण करतात, तर काही उपद्रवी असून गाठींच्या आसपास अधिक संख्येने आढळतात. हे सर्व मला ठाऊक नव्हते.

परंतु गद्य! बाईंना एकही विधान सरळ करवत नाही. 'कदाचित', 'काही अंशी', 'असे दिसते', 'असे म्हणता येईल'. एका पानावर 'कदाचित' अकरा वेळा मोजला. ज्याला काही सांगायचे आहे त्याने सांगावे. चाचपडणाऱ्याने लिहू नये.

५ फेब्रुवारी, बुधवार

दुपारी डॉक्टरीणबाईंना दूरध्वनी केला. वाक्यरचनेविषयी काही शंका आहेत, असे म्हणालो.

"काका, बाहेर चाळीस पेशंट बसलेत हो. तुम्ही बघा ना शुद्धलेखनाचं. माझा पूर्ण विश्वास आहे तुमच्यावर."

आमच्या व्यवसायाचा एक नियम आहे. मुद्रितशोधकाने दोष दुरुस्त करावा. अर्थाला हात लागत असेल तर समासात प्रश्नचिन्ह घालावे आणि लेखकाच्या उत्तराची वाट पाहावी. एकेचाळीस वर्षे मी तो पाळला. पण ज्यांना प्रश्न ऐकायला सवड नाही, त्यांच्यासाठी समास भरून काय उपयोग? मी बाड स्वतःच नीटनेटके करण्याचे ठरवले आहे.

आज चौदाव्या पानापर्यंत आलो. तेथे सदतीस शब्दांचे एक अजगरासारखे वाक्य होते. ते सात शब्दांवर आणले : 'उपयुक्त जिवाणू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला प्रतिबंध करतात.' बाणासारखे वाक्य झाले. तपासणीविषयीची एकच सूचना बाईंनी सहा ठिकाणी दिली होती. पुनरुक्ती म्हणून पाच ठिकाणची काढली आणि सत्ताविसाव्या पानावर एक ठेवली.

११ फेब्रुवारी, मंगळवार

अक्षरजुळणी करणाऱ्या बाईंकडून सर्व बदल करवून घेतले व रुग्णालयात प्रत पाठवली. तांबड्या खुणांची नव्हे, स्वच्छ प्रत. संध्याकाळी ती सहीनिशी परत आली. एकही प्रश्न नाही. उत्तम कामाची हीच पावती असते.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

पुस्तिका छापून झाली. दोन हजार प्रती. एक घेऊन बेबीकडे गेलो. माझी धाकटी बहीण अडुसष्ट वर्षांची आहे, आणि अजूनही ती बेबीच आहे. दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहते, लोकांचे कपडे शिवणयंत्रावर आत घेऊन किंवा सैल करून देते.

"बस. पण बघून बस, मागच्या वेळी टाचण्यांवर बसला होतास."

चष्मा चढवून तिने पाने उलटली. "अगंबाई, पोटात एवढी वस्ती! आणि मी जगाला सांगत फिरते की मी एकटी राहते."

मी हसलो नाही. विषय तसा नाजूक आहे. चौदाव्या पानावर ती थांबली. एकदा मनात वाचले, मग मोठ्याने.

"दादा, हे नक्की असं असतं?"

"छापलंय ना? माझ्या हाताखालून गेलंय ते."

"मग नक्कीच." तिने पुस्तिका शिवणयंत्राच्या कापडी आच्छादनाखाली सरकवली. जाताना माझी एक तांबडी पेन्सिल मागून घेतली, मापे लिहायला.

बेबी बारीक झाली आहे. विचारले तर म्हणाली, "स्वतःचेच कपडे आत घ्यायला लागलेय. फुकटचं गिऱ्हाईक!" या वयात वजन आटोक्यात ठेवणे स्तुत्य आहे, असे मी सांगितले.

९ मार्च, रविवार

बेबीसाठी औषधांच्या दुकानातून उपयुक्त जिवाणूंच्या कॅप्सूल आणल्या. दुकानदार थट्टेखोर आहे. "आजोबा, तिसरी बाटली! घरात जिवाणू पाळलेत की काय?" प्रतिबंध हा उपचारापेक्षा श्रेष्ठ असतो, असे मी त्याला ऐकवले.

बेबी वाटीभर दही समोर घेऊन बसली होती. दिवसातून तीनदा खाते म्हणे. काढा प्यावा तसे तोंड करून एकेक चमचा गिळत होती.

"तुला दही कधीपासून आवडू लागलं?"

"तुझं पुस्तक वाचल्यापासून."

एकेचाळीस वर्षांत माझ्या कामाची इतकी थोडक्या शब्दांत कोणी प्रशंसा केली नव्हती. येथे नोंदवून ठेवतो.

१४ एप्रिल, सोमवार

बेबी माझ्याकडे येताना जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. चेहरा पांढरा पडला होता. दम लागतो म्हणाली. सकाळी फिरावे, असे सुचवले.

पाणी पिऊन झाल्यावर तिने विचारले, "दादा, त्या जिवाणूंना किती दिवस लागत असतील रे?"

"कशाला?"

"सहज. पुस्तकात मुदत दिली नाहीये."

ही त्रुटी खरीच आहे. दुसऱ्या आवृत्तीसाठी टिपून ठेवली.

१८ मे, रविवार

भाची परगावाहून दोन दिवसांसाठी आईकडे आली आहे. सकाळी तिचा दूरध्वनी आला. आवाज दबलेला होता. बेबी न्हाणीघरात असावी.

"मामा, आईला जानेवारीपासून शौचातून रक्त जातंय. तिच्या डॉक्टरांनी तेव्हाच दुर्बिणीची तपासणी लिहून दिली होती. मला आज चिठ्ठी मिळाली, मशीनच्या खणात. तुला माहीत होतं?"

मला माहीत नव्हते.

"मी विचारलं तर म्हणते, दादाच्या पुस्तकात लिहिलंय, जिवाणू प्रतिबंध करतात, मग नळी कशाला घालून घेऊ? मामा, कसलं पुस्तक?"

चपला उलट्या पायांत घालून गेलो; ते तेथे पोहोचल्यावर कळले.

"ओरडू नकोस," बेबी म्हणाली. "मूळव्याध असेल."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला?" ती हसली. "तुझ्यासमोर पोट बिघडलं म्हणायची चोरी. जन्मभर तुझं एकच, 'असले विषय नकोत.' रक्ताचं कुठून सांगू?"

मग तिने आच्छादनाखालून पुस्तिका काढून चौदावे पान पुढे केले. माझ्या वाक्याखाली दोन रेघा होत्या, माझ्याच तांबड्या पेन्सिलीच्या.

१९ मे, सोमवार

मूळ बाड कपाटात होते. चौदाव्या पानावरचे बाईंचे वाक्य येथे उतरवतो. एकही अक्षर न बदलता.

'काही प्रकारचे उपयुक्त जिवाणू मोठ्या आतड्याच्या कर्करोगाला प्रतिबंध करण्यास कदाचित मदत करू शकतील, असे प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील काही अभ्यासांतून सूचित होते; मात्र माणसांमध्ये हे अद्याप सिद्ध झालेले नाही, त्यामुळे तपासणी किंवा उपचार यांना हा पर्याय समजू नये.'

सदतीस शब्द. आज पुन्हा पुन्हा वाचले. यात एकही शब्द जास्तीचा नाही. प्रत्येक शब्द एकेक खिळा आहे, आणि मी तीस खिळे उपटून फळी गुळगुळीत झाली म्हणून हात फिरवत बसलो होतो.

बाई चाचपडत नव्हत्या. जेथवर उजेड होता तेथवरच त्या चालल्या होत्या.

मला न कळता हे घडले, असेही लिहिता येत नाही. मी स्वच्छ प्रत पाठवली. तांबड्या खुणा राहिल्या असत्या तर चाळीस रुग्ण बाहेर बसलेले असतानाही बाईंची नजर अडली असती. ती अडू नये, अशीच माझी इच्छा होती.

२० मे, मंगळवार

बेबीला तपासणीस तयार केले. खरे कारण सांगितले नाही.

"आणि पुस्तक? ते खोटं का?"

"खोटं नाही. जुनं झालं. नवं संशोधन आलंय."

"तीन महिन्यांत?"

"विज्ञान झपाट्यानं पुढं जातं."

वजन मुळीच वाढलेले नाही असे सांगणाऱ्या गिऱ्हाइकाकडे ती जशी पाहते, तशी माझ्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "बरं. नळी तर नळी."

मी घरी येऊन जेवलो नाही. भूक नव्हती असे नाही.

२७ मे, मंगळवार

तपासणी झाली. काल दिवसभर बेबी पोट साफ होण्याचे औषध पीत होती. "दादा, तुझे सगळे जिवाणू वाहून गेले बघ," म्हणाली. भाची हसली. मला हसता आले नाही.

प्रतीक्षाकक्षात भिंतीला एक मांडणी आहे. तीत आमची पुस्तिका होती, अकरा प्रती. बेबीला आत नेल्यावर मी उठलो आणि त्या सर्व पिशवीत घातल्या. नोंदणीखिडकीतल्या बाईंनी पाहिले.

"आजोबा, एकच घ्या ना. बाकीच्यांनाही लागतं."

एक ठेवून घेतली, दहा परत मांडल्या. पाठीमागे कोणीतरी म्हणाले, "फुकटचं दिसलं की हावरटपणा." वर्तमानपत्राने तोंड झाकून बसलो. ते वर्तमानपत्र मी उलटे धरले होते, असे भाचीने नंतर सांगितले.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. माझे नाव ऐकताच थबकल्या. "तुम्हीच का ते काका? किती सुरेख केलंत हो पुस्तक! मला माझंच वाटेना."

मग गंभीर झाल्या. आतड्याच्या डाव्या बाजूला गाठ आहे. तुकडा तपासायला पाठवला आहे, पण कर्करोगच असावा यात आपल्याला फारशी शंका उरलेली नाही, असे म्हणाल्या.

तेव्हा बोलायला हवे होते. मी "आभारी आहे" म्हणालो. कशाबद्दल, हे मलाही सांगता यायचे नाही.

१२ जून, गुरुवार

कर्करोगच होता. आज शस्त्रक्रिया झाली. चार तास. गाठ पूर्ण निघाली. बेबीचा हात हातात घेतला. तिच्या बोटांवर सुई टोचल्याच्या जुन्या खुणा हाताला लागल्या.

२१ जून, शनिवार

काढलेल्या भागाचा अहवाल आला. जवळच्या तीन लसिकाग्रंथींत रोग पोहोचला आहे. केमोथेरपी घ्यावी लागेल.

भाचीने विचारले, "डॉक्टर, जानेवारीतच आलो असतो तर?"

मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"नक्की सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कदाचित या ग्रंथींपर्यंत गेलं नसतं. कदाचित तेव्हाही गेलेलं असेल."

जो शब्द मी सबंध बाडातून वेचून फेकला, तो समोरून दोनदा आला, आणि त्याच्या जागी दुसरा कोणताही शब्द चालला नसता.

"आणि त्या कॅप्सूल आता बंद," त्या पुढे म्हणाल्या. "केमोत प्रतिकारशक्ती खाली येते. जिवंत जिवाणू मला विचारल्याशिवाय घ्यायचे नाहीत. त्यांचा उपयोग कुठं होतो, कुठं नाही, यावर अजून काम चाललंय. पण तपासणीला तो पर्याय नाही, हे तर मी पुस्तकात पानापानावर लिहिलंय. लोक वाचतच नाहीत!"

भाचीने माझ्याकडे पाहिले. मी जमिनीवरच्या फरश्या मोजल्या.

२३ जून, सोमवार

मूळ बाड आणि पुस्तिका घेऊन एकटाच डॉक्टरीणबाईंकडे गेलो. चौदावे पान दोन्हींत उघडून त्यांच्यासमोर ठेवले. भाषण तयार केले होते; त्यातले एकही वाक्य आठवले नाही.

त्यांनी आधी एक वाचले, मग दुसरे. मग पुन्हा पहिले. चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"आणि ती पाच ठिकाणं?"

"पुनरुक्ती वाटली."

"पुनरुक्ती!" त्यांचा आवाज चढला. "काका, घाबरलेलं माणूस पहिल्या पानापासून वाचत नाही. कुठलंही पान उघडतं. ते उघडेल तिथं हे सापडावं म्हणून सहा वेळा लिहिलं होतं."

मी पुस्तिका मिटली.

मग त्या हळू म्हणाल्या, "सही माझी आहे. न वाचता केली. पण तुम्ही प्रत स्वच्छ पाठवलीत."

"हो."

"खुणा काढून."

"हो."

त्यांनी वाटप थांबवण्यासाठी तेथूनच दूरध्वनी केला. शुद्धिपत्र उद्याच छापायचे ठरले. मी उठलो तेव्हा म्हणाल्या, "आणि या वेळी एक शब्दही कमी करू नका." त्या रागावलेल्या होत्या, तरी दारापर्यंत आल्या. ते मला अधिक लागले.

२४ जून, मंगळवार

बेबीला सांगितले. ती उशीला टेकून बसली होती. सर्व सांगून झाल्यावर तिने विचारले.

"म्हणजे त्या बाईंनी 'सिद्ध नाही' असं लिहिलं होतं?"

"हो."

"आणि तू ते काढलंस. का?"

"वाक्य लांब होतं."

"वाक्य लांब होतं," ती माझ्याच स्वरात म्हणाली. मग तिचा आवाज फुटला. "तीन महिने, दादा! दिवसातून तीनदा दही गिळलं मी. लहानपणापासून मला दह्याचा वास सहन होत नाही, हे तुझ्याशिवाय कोणाला माहीत होतं? तुझ्या शब्दाखातर नाक दाबून गिळलं. आणि वर म्हणालास, विज्ञान झपाट्यानं पुढं जातं. जा तू आता."

भाची स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने मला वाट करून दिली. नेहमी ती "मामा, सांभाळून जा" म्हणते.

३ जुलै, गुरुवार

नऊ दिवस बेबीकडून निरोप नाही. रोज तिच्या गल्लीच्या टोकापर्यंत जातो आणि भाजी न घेता पिशवीसह परत येतो.

मधल्या काळात औषधांच्या दुकानदाराकडे गेलो होतो. मार्चमध्ये मी फुशारकीने जे बोललो ते चुकीचे होते, कोणी रक्ताची तक्रार घेऊन कॅप्सूल मागितल्या तर आधी डॉक्टरकडे पाठवा, असे सांगितले. त्याने थट्टा केली नाही. "घरी कोणी...?" एवढेच विचारले.

आज संध्याकाळी भाची आली. "आईनं बोलावलंय. आणि मामा, सांभाळून चल."

बेबी यंत्रापाशी बसली होती; शिवत नव्हती, नुसती बसली होती.

"बस. टाचण्या नाहीयेत."

बसलो.

"पान सत्तावीस मी वाचलं होतं," ती म्हणाली. "तपासणी टाळू नये, असं लिहिलंय तिथं. मार्चमध्येच वाचलं."

"मग?"

"मग काय? तुझं वाक्य सात शब्दांचं होतं, पाठ झालं. पान सत्तावीस पाठ होत नव्हतं. भीती वाटत होती रे. नळीची नाही, काय निघेल त्याची. मला कोणीतरी 'नको जाऊ' म्हणायला हवं होतं. तू म्हणालास."

मला वाटले, ती मला मोकळे करते आहे. डोळे पुसायला रुमाल काढला.

"रुमाल ठेव. मी तुला माफ वगैरे केलेलं नाही. मी पळत होते, हे खरं. तू दार उघडून धरलंस, हेही खरं. दोन्ही लिहून ठेव तुझ्या त्या वहीत."

लिहून ठेवले आहे.

१३ जुलै, रविवार

दोन हजारांपैकी सातशे चाळीस प्रती परत मिळाल्या. बाराशे साठ लोकांच्या घरांत आहेत. त्या कोणाच्या उशीखाली, कोणाच्या खणात, कोणत्या यंत्राच्या आच्छादनाखाली असतील, हे शोधण्याचा मार्ग नाही. रुग्णालयाने वर्तमानपत्रात सूचना दिली, दारांवर फलक लावले. कोणी विचारलेच तर चूक माझी होती असे सांगा, असे नोंदणीखिडकीतल्या बाईंना सांगून आलो. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही ते अकरा प्रतीवाले ना?"

परत आलेल्या प्रतींवर शुद्धिपत्र चिकटवण्याचे काम मी मागून घेतले. बेबीच्या कापड बेतण्याच्या मेजावर बसून करतो. ती शिवणाच्या कात्रीने पट्ट्या कापते, मी डिंक लावतो. उद्या तिची पहिली केमोथेरपी आहे. त्याविषयी आम्ही बोललो नाही. इतर सर्व विषयांवर बोललो : पोटावरची पट्टी, खाज, शौच, सर्व. मी एकदाही "असले विषय नकोत" म्हणालो नाही, आणि तिने हे ताडून मुद्दाम दोन-तीन विषय वाढवले.

"दादा, तिरकं लावलंस."

खरेच तिरके होते. काढून सरळ लावले.

पन्नासाव्या प्रतीपाशी तिने पट्टी डोळ्यांजवळ धरली आणि सदतीसही शब्द मोठ्याने वाचले. न अडखळता, दम घेत.

"दादा, हे नक्की असं असतं?"

"जेवढं नक्की आहे तेवढंच लिहिलंय. पुढचं अजून कोणालाच माहीत नाही."

ती पट्टीची कड नखाने सरळ करत राहिली. "आणि मी? मी बरी होईन?"

'होशील' हा एकच शब्द होता. सोपा, नेमका, बाणासारखा. तोंडाशी आला होता.

"कदाचित," मी म्हणालो.

तिने मान हलवली, कात्री उचलली आणि म्हणाली, "चालेल. पुढची दे."